वाचक विचारतात : सर्जनला कसला आलाय रिसर्च?

मागच्या अंकात मी पॅनक्रियाजवर, म्हणजे स्वादुपिंडावर, चार ओळी काय लिहिल्या, संपादकांनी खाली माझी ओळख छापली, 'लिव्हर, पॅनक्रियाज आणि गॉल ब्लॅडरच्या सर्जन, तीस वर्षं संशोधन'. त्या 'संशोधन' शब्दावरच निम्मी पत्रं आलीयत. एका काकांनी तर विचारलंय की तुम्ही शोध नेमका कशाचा लावला. काका, तसा कशाचाच नाही. पण खाली वाचा, कळेल काय करत होते ते.

प्रश्न : डॉक्टरताई, माझा मुलगा एमएस झाला, जनरल सर्जरी. आम्हाला वाटलं आता इथेच छोटं हॉस्पिटल टाकेल, हर्निया-अपेंडिक्सची प्रॅक्टिस आमच्याकडे चांगली चालते. तर म्हणतो एचपीबी करायचंय आणि पुढे त्यातच रिसर्च. एकोणतीस वय झालं, आम्ही मुली बघतोय. सर्जनने ऑपरेशन करायची की रिसर्च? आणि हे एचपीबी म्हणजे काय?
— एक आई, डोंबिवली पूर्व

उत्तर : आई, आधी सोपं सांगते. एचपीबी म्हणजे लिव्हर, पॅनक्रियाज आणि पित्ताचा सगळा रस्ता, त्यात गॉल ब्लॅडर, म्हणजे पित्ताची पिशवी, पण आली. तिघांची बिऱ्हाडं चाळीतल्यासारखी लागून लागून, आणि मोरी एकच. पित्ताची नळी आणि पॅनक्रियाजची नळी आतड्यात एकाच तोंडाशी उघडतात, त्यामुळे गॉल ब्लॅडरमधला ज्वारीच्या दाण्याएवढा खडा घसरून तिथे अडकला तर वर कावीळ होते आणि शेजारी पॅनक्रियाज सुजतो, म्हणजे तुंबलं एकाच्या घरात आणि पाणी दुसऱ्याच्या घरात. म्हणून तिन्हीचा सर्जन एकच.

आता वर्षांचा हिशोब. एमबीबीएस साडेपाच आणि एमएस तीन झाली, आता नीट एसएस ही प्रवेशपरीक्षा द्यायची, नंबर लागला तर एमसीएच, म्हणजे सुपरस्पेशालिटीची डिग्री, अजून तीन वर्षं, मग बहुतेक जण वर्ष-दोन वर्षं फेलोशिप करतात. म्हणजे स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत पस्तिशी. मुली जरूर बघा, पण मुलीकडच्यांना हे आधीच सांगा, आणि हेही सांगा की सात तासांचं ऑपरेशन म्हणून गेलेला माणूस अकरा तासांनी येतो. मला माझ्या सिनियरनी विचारलं होतं, लग्न झाल्यावर काय करणार बाई, आणि मी म्हटलं सर, तुमचं झालंय ना. असो.

रिसर्चचं सांगते. लोकांना वाटतं रिसर्च म्हणजे पांढरा कोट, उंदीर आणि काचेच्या नळ्या. तसलाही असतो. पण सर्जनचा रिसर्च बहुतेक वेळा एका रजिस्टरपासून सुरू होतो. मी नव्वदच्या दशकात इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात रेसिडेंट होते. पहिलं व्हिपल (पॅनक्रियाजचं डोकं काढून उरलेला भाग आतड्याला जोडायचं मोठं ऑपरेशन) बघितलं, म्हणजे जखम उघडी धरायचा रिट्रॅक्टर धरून उभी होते, बघितलं कमीच. पेशंट साताऱ्याकडचे मास्तर होते, आठव्या दिवशी ड्रेनमधून, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतून, लाल यायला लागलं आणि नवव्या दिवशी गेले. पॅनक्रियाजचा रस जोडातून गळतो, तो रस आपलं जेवण पचवतो तसाच आजूबाजूच्या रक्तवाहिन्याही पचवायला लागतो, म्हणून या ऑपरेशनला सर्जन लोक घाबरून असतात. मी सरांना विचारलं, असं किती जणांचं होतं? सर म्हणाले, क्वचित. वॉर्डातल्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, होतं की गं बरेचदा.

मग मी लाल कापडी बांधणीचं रजिस्टर आणलं, लालबागच्या एका स्टेशनरीवाल्याकडून, आणि प्रत्येक केस लिहायला लागले. कावीळ किती दिवसांची, पॅनक्रियाज हाताला मऊ लागला की कडक, आतली नळी बारीक की रुंद, ड्रेनचं पाणी रोज किती आणि त्यात अमायलेज (पॅनक्रियाजच्या रसातलं पाचक द्रव्य) किती, घरी कधी गेला, की दगावला. दोन वर्षांनी मोजलं तर माझ्या डोक्यात जेवढे लीक होते त्याच्या दुप्पट निघाले. मावशी बरोबर होत्या. माणूस आपली बिघडलेली ऑपरेशनं विसरतो हो, मुद्दाम नाही, पण विसरतो. आणि गंमत बघा, मऊ पॅनक्रियाज आणि बारीक नळीवाले जास्त गळत होते, म्हणजे ज्याचा पॅनक्रियाज आजाराने कडक झालाय तो टाक्याला बरा आणि ज्याचा निरोगी मऊ आहे तो लोण्यासारखा फाटतो. हे जगात आधीच माहीत होतं, माझा काही शोध नव्हता, पण आपल्याच रजिस्टरमधून निघाल्यावर पटतं.

त्या काळात मोठा घोळ असा की गळती कशाला म्हणायचं यावरच एकमत नव्हतं. प्रत्येकाची व्याख्या वेगळी, त्यामुळे प्रत्येकाचा निकाल छान! २००५ साली वेगवेगळ्या देशांच्या सर्जन लोकांनी बसून एक व्याख्या केली, ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी किंवा पुढे ड्रेनच्या पाण्यातलं अमायलेज रक्ताच्या वरच्या नॉर्मल मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर लीक, आणि २०१६ ला ती सुधारली, की नुसतं अमायलेज वाढलंय पण पेशंट मजेत आहे तर त्याला लीक धरू नका. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हे झाल्यावर मुंबईचा आकडा आणि जर्मनीतल्या हायडेलबर्गचा आकडा पहिल्यांदा एका तराजूत आले.

आणि मोजण्याने काय होतं ते सांगते. २००२ मध्ये अमेरिकेत म्हाताऱ्या पेशंटांच्या सरकारी विम्याची कागदपत्रं घेऊन कुणीतरी मोजलं की पॅनक्रियाजच्या ऑपरेशनमध्ये किती जण दगावतात, तर जिथे हे ऑपरेशन अगदी क्वचित होतं तिथे १६.३ टक्के आणि जिथे भरपूर होतं तिथे ३.८ टक्के. ऑपरेशन तेच, फरक सवयीचा. नुसता सर्जनचा नाही, आयसीयूच्या सिस्टरचा, रात्री दोनला उठून रक्तस्राव बंद करणाऱ्या रेडिओलॉजिस्टचा. म्हणून तुमच्या मुलाला डोंबिवलीत वर्षाला दोन व्हिपल करायची असतील तर मी म्हणेन हर्नियाच बरा. करायचं तर मोठ्या ठिकाणी, टीममध्ये.

'व्हिपल' शब्द मी सारखा वापरतेय. अ‍ॅलन व्हिपल, न्यूयॉर्कचे, जन्म मात्र इराणचा. त्यांच्या आधी १९०९ मध्ये बर्लिनला वॉल्टर काउश यांनी असं ऑपरेशन केलं होतं, पण नाव लागलं व्हिपलचं, कारण १९३५ मध्ये त्यांनी तीन पेशंट छापले. फक्त तीन! आणि त्यातला पहिला दगावला होता. तोही छापला. आजकाल तीनशे छापतात आणि त्यातला एकही गेलेला नसतो, मला अशा पेपरांचा भारी संशय येतो.

आई, तुमच्या मुलाला एवढंच विचारा की तू स्वतःचे बिघडलेले पेशंट मोजशील का. हो म्हणाला तर जाऊ द्या त्याला. पैसे उशिरा येतील.

प्रश्न : बाबांना (वय ६४) कावीळ झाली, दुखत अजिबात नाही, वजन मात्र सात किलो उतरलं. गावाहून काकांनी काविळीची माळ आणली, ती जशी लांबत जाईल तशी कावीळ उतरते म्हणाले, तीन आठवडे गेले. आता सीटीत पॅनक्रियाजच्या डोक्यात गाठ दिसतेय. एक डॉक्टर म्हणतात आधी स्टेंट (पित्ताचा रस्ता मोकळा करणारी बारीक नळी) टाकून कावीळ उतरवू, दुसरे म्हणतात सरळ ऑपरेशन. बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं माप) ११. कुणाचं ऐकू?
— मुलगा, चेंबूर

उत्तर : माळ काढून ठेवा. काकांशी भांडू नका, त्यांनी जिवापाड केलं असणार. पण वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते, पन्नाशीनंतर न दुखता आलेली कावीळ, अंगाला खाज, लघवी पिवळीधमक, संडास पांढुरकी, वजन कमी, असं असेल तर माळ नाही, झाडपाला नाही, उसाचा रस नाही, आधी सोनोग्राफी आणि मग लागलं तर चांगल्या प्रतीचा सीटी. लिव्हरला सूज येऊन होणारी साधी कावीळ बहुतेकदा आपली आपणच उतरते, म्हणून तर माळवाल्यांचं चालतं. नळी दाबली गेल्याने झालेली उतरत नाही.

स्टेंटचं म्हणाल तर यावर फार छान अभ्यास झालाय. पूर्वी आम्ही सगळेच आधी कावीळ उतरवायचो. युक्तिवाद अगदी बरोबर वाटायचा, पिवळ्या पेशंटला रक्त जास्त जातं, इन्फेक्शन होतं, मग आधी पिवळेपणा घालवू. नेदरलँड्समधल्या लोकांनी म्हटलं, करून बघू. पॅनक्रियाजच्या डोक्यात गाठ असलेले २०२ पेशंट, बिलिरुबिन साधारण चौदा-साडेचौदापर्यंतचं, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट. निकाल २०१० ला आला, ज्यांना आधी स्टेंट टाकला त्यांच्यात ७४ टक्के जणांना गंभीर त्रास झाला, आणि सरळ ऑपरेशनला नेलं त्यांच्यात ३९. नळी बंद पडते, इन्फेक्शन होतं, टाकताना पॅनक्रियाज सुजतो. तेव्हा वापरायचे त्या प्लास्टिकच्या नळ्या, आता धातूच्या बऱ्या असतात, तरी मुद्दा राहतोच.

म्हणजे बाबांचं बिलिरुबिन ११, ताप नाही, आणि ऑपरेशनची तारीख आठवडाभरात मिळतेय तर दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. पण! थंडी वाजून ताप येत असेल, किंवा गाठ रक्तवाहिनीला चिकटलीय म्हणून आधी केमो द्यायची असेल, किंवा तारीख महिन्याभराची असेल, तर स्टेंट लागतोच. पहिल्या डॉक्टरांना सरळ विचारा, 'स्टेंट कशासाठी टाकताय, ताप आहे म्हणून, केमो आहे म्हणून, की तारीख लांब आहे म्हणून?' तीनपैकी एक उत्तर आलं तर ठीक. 'आम्ही सगळ्यांनाच टाकतो' आलं तर दुसरं मत घ्या. सीटी मात्र स्टेंटच्या आधीच झालेला हवा, नंतर नळीमुळे आणि सुजेमुळे गाठ नीट कळत नाही. तुमचा झालाय, चांगलं आहे.

प्रश्न : मॅडम, माझ्या मिस्टरांना पॅनक्रियाजला सूज आलीय, हॉस्पिटलवाले म्हणतात एका ट्रायलमध्ये घेऊ का, सही करा. बारा पानांचा फॉर्म आहे. जाऊबाई म्हणतात उंदरासारखा प्रयोग करतील. सही करू का?
— लालबाग

उत्तर : जाऊबाईंची भीती खोटी नाही, पूर्वी आपल्याकडे वाईट प्रकार झालेत. म्हणून आता आधी बघा फॉर्म मराठीत आहे का. तुम्हाला मराठी येतं आणि फॉर्म इंग्रजीत असेल तर सही करूच नका, मराठी मागा, तो तुमचा हक्क आहे. मग सीटीआरआय नंबर विचारा, औषधांच्या आणि उपचारांच्या ट्रायलची सरकारी नोंदणी असते, जून २००९ पासून सक्तीची आहे, नेटवर तुमचा भाचा दोन मिनिटांत शोधेल. एथिक्स कमिटीचा फोन नंबर फॉर्मवर असतो. मधूनच बाहेर पडता येतं आणि पडलात तरी उपचार थांबवता येत नाहीत. मिस्टर शुद्धीत असतील तर सही त्यांची, तुमची नाही.

आता दुसरी बाजू. ट्रायल न करता मनाला पटेल ते दिलं तर काय होतं याचं एक उदाहरण याच आजारातलं आहे. नेदरलँड्समध्येच, जोरात सूज आलेल्या पेशंटना प्रोबायोटिक्स देऊन बघितली. दह्यातल्या जंतूंसारखे चांगले जंतू हो, त्याने काय नुकसान होणार असंच सगळ्यांना वाटत होतं. २९८ पेशंट. २००८ ला निकाल आला आणि प्रोबायोटिक्स घेतलेल्यांत १६ टक्के गेले, न घेतलेल्यांत ६. मी तो पेपर रात्री वाचला आणि मला झोप नाही आली, कारण मी स्वतः तोवर काही जणांना दिली होती. ट्रायलमध्ये नव्हे, अशीच, बरं वाटेल म्हणून.

त्याच लोकांनी पुढे २०१० मध्ये दाखवलं की पॅनक्रियाज कुजून पू झालेल्यांचं पोट लगेच मोठं उघडण्यापेक्षा आधी बाहेरून नळी टाकावी आणि गरज पडली तरच लहान छेदातून साफ करावं. मोठ्या ऑपरेशनवाल्यांत ६९ टक्के जणांना मोठं काहीतरी बिघडलं किंवा मृत्यू आला, नळीवाल्यांत ४०, आणि नळीवाल्यांतल्या ३५ टक्के लोकांना पुढे ऑपरेशनच लागलं नाही. सर्जन लोकांनीच सर्जनचं काम कमी केलं, बोला. तुमच्या मिस्टरांचा आज कुठल्याही चांगल्या हॉस्पिटलात जो उपचार होईल तो अशा कुणीतरी सह्या केल्या म्हणून आहे.

करा की नको हे मी सांगणार नाही. वरचं सगळं विचारा, उत्तर देताना डॉक्टर चिडला तर नको.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी सर्जरीचा सेकंड इयर रेसिडेंट. गाईड म्हणतात रोबोटिक व्हिपलवर थिसिस कर, लगेच छापून येईल. आमच्याकडे वर्षात जेमतेम पाच होतात. काय करू? पुढे एचपीबीतच जायचंय.
— परळ, होस्टेल

उत्तर : पाच केसवर थिसिस? त्यात टेबल काय काढणार, पेशंटचे फोटो? गाईडशी नीट बोल, उर्मट होऊ नकोस, मला माहितीये सही त्यांचीच लागते.

नवीन यंत्र आलं की आपल्याला सगळ्यांनाच हुरूप येतो. लॅपरोस्कोपीचंही तसंच होतं. एरिश म्यूहे नावाच्या जर्मन सर्जननी १९८५ मध्ये दुर्बिणीतून गॉल ब्लॅडर काढली तर त्यांच्याच देशातल्या सर्जन लोकांनी त्यांना उडवून लावलं, आणि १९९२ मध्ये त्यांच्याच संघटनेने बोलावून सन्मान केला. आपल्याकडे १९९० मध्ये डॉ. तेहेमतन उदवाडियांनी केलं, जेजेत, सरकारी हॉस्पिटलात, हे मला नेहमी विशेष वाटतं. गॉल ब्लॅडरमध्ये दुर्बीण जिंकली. म्हणून व्हिपलमध्येही जिंकेलच असं मात्र नाही. डच लोकांनी (परत तेच, काय करणार) ट्रेनिंग घेतलेल्या सर्जनना घेऊन दुर्बिणीचं व्हिपल आणि पोट उघडून केलेलं व्हिपल अशी तुलना सुरू केली, ९९ पेशंटवर थांबवावी लागली. दुर्बिणीच्या ५० मधले पाच जण कॉम्प्लिकेशनने गेले, उघड्याच्या ४९ मधला एक. त्याआधी कोइमतूरच्या टीमने ६४ पेशंटमध्ये केलेल्या ट्रायलमध्ये दुर्बीण चांगली ठरली होती, पेशंट लवकर घरी गेले. दोन्ही खरं आहे. कुणाच्या हातात, किती सवयीनंतर, हा प्रश्न आहे आणि तो तुझ्या पाच केसमधून सुटणार नाही.

तू छोटा प्रश्न घे. तुझ्या वॉर्डात रोज दिसतो असा. उदाहरणार्थ खड्यांसाठी काढलेल्या किती गॉल ब्लॅडर खरंच पॅथॉलॉजीला जातात, रिपोर्ट किती दिवसांनी येतो, आणि तो पेशंटला कुणी दाखवतं का. हसू नकोस. कधीतरी साधी खड्याची म्हणून काढलेल्या पिशवीत कॅन्सर सापडतो. तो अगदी वरच्या थरातच असेल तर पिशवी काढली तेवढं पुरे, पण स्नायूच्या थरात शिरला असेल तर परत जाऊन लिव्हरचा लगतचा भाग आणि आसपासच्या लिम्फच्या गाठी काढायला लागतात, आणि तोवर पेशंट गोरखपूरला पोचलेला असतो, फोन नंबर मेव्हण्याचा, तो उचलत नाही. मी माझ्या फॉलोअपसाठी पोस्टकार्डं लिहिलीयत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊन उतरलेल्या नातेवाइकांकडून गावातल्या किराणा दुकानाचा नंबर घेतलाय. ही अर्धी मेहनत पेपरात एका ओळीत येते, 'फॉलोअप पूर्ण'.

आणि मोठा प्रश्नही याच पेशंटांमधून निघतो बरं. गॉल ब्लॅडरचा कॅन्सर गंगेकाठच्या पट्ट्यात एवढा का, महाराष्ट्रात त्या मानाने कमी का? ते पेशंट रेल्वेने आपल्या परळला येतात. त्यांच्याच रक्ताचे नमुने घेऊन टाटाच्या लोकांनी जनुकं तपासली, २०१७ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आलं, एबीसीबी१ आणि एबीसीबी४ या जनुकांच्या भागात फरक सापडले. यातलं दुसरं लिव्हरमधून पित्तात स्निग्ध पदार्थ सोडायचं काम करतं, म्हणजे गोष्ट परत पित्ताशी आली. रक्ताच्या त्या प्रत्येक नळीवर तुझ्यासारख्याच कुणीतरी रात्री लेबल लावलं असणार.

एक्सेल शीटमध्ये रिकामा रकाना रिकामाच ठेव. आठवणीने भरू नकोस.

प्रश्न : गॉल ब्लॅडर काढल्यावर आयुष्यभर तेल-तूप बंद का?
— वसई

उत्तर : नाही हो. पित्त लिव्हर बनवते, पिशवी फक्त साठवते. पिशवी गेली की थेंब थेंब आतड्यात येत राहतं. सुरुवातीला काही जणांना पातळ होतं, बहुतेकांचं बसतं. दोन-तीन आठवडे बेताने घ्या, मग जेवा. गणपतीत मोदकावर तूप घ्या, चार चमचे नको एवढंच.

प्रश्न : माझं पुढच्या आठवड्यात गॉल ब्लॅडरचं ऑपरेशन आहे. शेजारच्या आजोबांना त्यांचे खडे बाटलीत भरून दिले होते, शोकेसमध्ये ठेवलेत. मला मिळतील का? मागायची लाज वाटते.
— गिरगाव

उत्तर : लाज कसली, सगळेच मागतात. आत जायच्या आधीच सिस्टरना सांगून ठेवा, धुऊन देतील. खडे न्या, शोकेसमध्ये ठेवा, पाहुण्यांना दाखवा. पिशवी मात्र पॅथॉलॉजीला गेली का ते विचारा, आणि टाके काढायला जाल तेव्हा तिचा रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय घरी येऊ नका.